साथीच्या काळातलं निवासी शिबिर: वेळापत्रकात नसलेले तास आधी सांभाळा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पन्हाळ्याजवळ दर मे महिन्यात तुम्ही ८ ते १४ वयाच्या साठ मुलांचं सात दिवसांचं निवासी शिबिर घेता. जागेत ३० बाय २० फुटांचे दोन हॉल, चार लहान खोल्या, एक लांब पडवी आणि पुढे मोठं पटांगण आहे. २०२० आणि २०२१ चे उन्हाळे हातचे गेले. कोविडसारखी श्वासातून पसरणारी साथ पुन्हा आली आणि शिबिराला परवानगी मिळाली, तर मुलांना जपून ते कसं पार पाडायचं? मास्क, सॅनिटायझर आणि थर्मल गन एवढी यादी तुम्ही केली आहे आणि तिच्यात काय राहिलंय, असं विचारलं आहे.

बालरोगतज्ज्ञ म्हणून मी या प्रश्नाकडे पाहते तेव्हा वस्तूंची यादी नंतर येते. आधी एकच हिशोब येतो: एका बंद हवेत किती मुलं, किती वेळ श्वास घेणार? पटांगणावर लाठीकाठी, मल्लखांब, झाडाखाली चित्रकला, गडावर भटकंती हे तुमचं वेळापत्रक मुळातच मोकळ्या हवेतलं आहे आणि त्यात धोका कमी. धोका आहे तो वेळापत्रकात न लिहिलेल्या तासांत. कोल्हापूरहून येतानाचा बसमधला पाऊण तास, रात्रीची आठ तासांची झोप, वळीव आला की सगळ्यांची एकाच हॉलकडे धाव, आणि मुलं झोपल्यावर ताई-दादांचा स्वयंपाकघरातला चहा. हे चार प्रसंग नीट बांधले की निम्म्याहून जास्त काम झालं.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर ठरतील. आजार कसा पसरतो, लस आहे का, कोणत्या वयाला जास्त त्रास देतो, जिल्ह्यात रुग्ण वाढताहेत की ओसरताहेत, त्या वेळचे प्रशासनाचे नियम काय, हे आज कोणीच सांगू शकत नाही. रुग्ण वाढत असतील तर निवासी शिबिर घेऊच नये. सकाळी सात ते अकराचं शहरातल्या मैदानावरचं शिबिर घ्यावं आणि मुलं जेवायला घरी जावीत. दहा वर्षांखालच्या मुलांसाठी तर मी साथीत तोच पर्याय सुचवते. पुढे लिहिलंय ते साथ ओसरत असताना, तरीही संपलेली नसताना घ्यायच्या निवासी शिबिराबद्दल आहे.

२०२० च्या उन्हाळ्यातली अमेरिकेतली दोन उदाहरणं इथे फार उपयोगी आहेत. जॉर्जिया राज्यातल्या एका निवासी शिबिरात त्या राज्यातले ५९७ जण होते. प्रत्येकाने येण्याआधी १२ दिवसांच्या आतला निगेटिव्ह अहवाल आणला होता. कार्यकर्त्यांना कापडी मास्क होते, मुलांना सक्ती नव्हती. खिडक्या-दारं उघडी ठेवलेली नव्हती, एका खोलीत २६ जणांपर्यंत झोपत होते आणि रोज जोरजोरात गाणी, घोषणा चालत. नंतर ज्या ३४४ जणांचे अहवाल हाती आले त्यांपैकी २६० पॉझिटिव्ह निघाले. पहिला आजारी पडला तो एक किशोरवयीन कार्यकर्ता. ६ ते १० वयाच्या मुलांतही निम्म्यांना लागण झाली होती, त्यामुळे ‘लहानांना होत नाही’ हा समज तिथेच मोडला. त्याच उन्हाळ्यात मेन राज्यातल्या चार निवासी शिबिरांत मिळून १,०२२ जण होते. त्यांनी येण्याआधी घरी वेगळं राहणं, येण्याआधी आणि आल्यावर अशा दोन तपासण्या, ठरलेले लहान गट, मास्क आणि अंतर हे सगळं एकत्र पाळलं. तीन जण पॉझिटिव्ह सापडले, तिघांनाही लक्षणं नव्हती; त्यांना लगेच वेगळं केलं आणि पुढे कोणालाही लागण झाली नाही. मुलं दोन्हीकडे मुलांसारखीच होती. फरक रचनेत होता.

आता तुमच्या जागेचं बघू, आणि रात्रीपासूनच सुरुवात करू, कारण किती मुलं घ्यायची हे रात्र ठरवते. ३० बाय २० चा हॉल दिवसा मोठा वाटतो. तीन फूट रुंद, सहा फूट लांब गाद्या टाका आणि दोन गाद्यांमध्ये तीन फूट जागा सोडा. लांबीच्या बाजूला पाच गाद्या बसतात. समोरासमोरच्या भिंतींलगत अशा दोन रांगा केल्या की मध्ये आठ फुटांची वाट उरते. म्हणजे एका हॉलमध्ये दहा मुलं. तीस नाहीत, पंधरासुद्धा नाहीत. शेजारच्या दोघांची डोकी उलटसुलट ठेवायची, एकाचं भिंतीकडे तर दुसऱ्याचं वाटेकडे. त्यामुळे दोन डोक्यांत साधारण साडेसात फूट अंतर पडतं. समोरच्या रांगेशीही हाच मेळ ठेवा, वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर डोकी येऊ देऊ नका. पहिल्या रात्री गाद्यांच्या जागा खडूने आखून घ्या, नाहीतर दुसऱ्या रात्रीपर्यंत मित्रमित्र गाद्या जोडून मोकळे होतात.

दोन हॉलमध्ये वीस आणि पडवीत दहा अशी तीस मुलं झाली. पडवी तीन बाजूंनी उघडी असेल तर झोपायला ती दोन्ही हॉलपेक्षा चांगली, फक्त वळवाची सोय हवी. त्याबद्दल पुढे लिहिते. त्यामुळे माझं स्पष्ट मत: साठ मुलं एका वेळी घेऊ नका. तीस-तीसच्या दोन तुकड्या करा आणि मध्ये चार-पाच दिवस मोकळे ठेवा. ते दिवस जागा धुण्यापेक्षा कार्यकर्त्यांसाठी आहेत, कारण पहिल्या तुकडीत कोणाला लागण झाली असेल तर तेवढ्या अवधीत लक्षणं दिसण्याची किंवा तपासणीत सापडण्याची शक्यता बरीच असते. चार खोल्यांपैकी एक तापाच्या मुलासाठी, एक खरचटणं-मुरगळणं यांसाठी आणि दोन कार्यकर्त्यांसाठी. रात्री प्रत्येक हॉलच्या दाराबाहेर दोन मोठी माणसं झोपावीत.

खिडक्या उघड्या ठेवा, असं सगळे सांगतात. त्या रात्री बंद का होतात ते मात्र कोणी विचारत नाही. डास येतात, माकडं आत शिरतात, पहाटे गडावर गार वारा सुटतो. ही तीन कारणं आधी मिटवली नाहीत तर मुलं झोपल्यावर कोणीतरी मायेनेच खिडकी लावून घेणार. खिडक्यांना जाळी ठोकून घ्या, प्रत्येकाला मच्छरदाणी द्या, आणि पालकांच्या यादीत एक जाड पांघरूण लिहा. हवा खेळायला समोरासमोरच्या भिंतींतल्या दोन तरी खिडक्या उघड्या लागतात. एकाच भिंतीतल्या चार उघडूनही तसा फायदा होत नाही. छताचा पंखा खिडक्या बंद असताना आतलीच हवा घुसळतो. एक टेबलफॅन खिडकीत बाहेरच्या दिशेला तोंड करून ठेवला तर तो आतली हवा बाहेर ढकलतो आणि समोरच्या खिडकीतून ताजी हवा आत येते. जागा बघायला जाल तेव्हा हॉलच्या मध्यभागी एक उदबत्ती लावा. धूर कुठल्या खिडकीकडे ओढला जातो ते बघा, पाच मिनिटांनी ती विझवा आणि बाहेर जाऊन दहा मिनिटांनी परत या. वास तसाच कोंडलेला असेल तर त्या हॉलमध्ये दहा मुलंही जास्त आहेत. अंदाज याहून नेमका हवा असेल तर कार्बन डायऑक्साइड मोजणारं छोटं यंत्र मिळतं. बाहेरच्या हवेत सव्वाचारशे पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांतले भाग) आसपास आकडा असतो. हॉलमध्ये मुलं झोपलेली असताना तो ८०० च्या आत राहायला हवा.

वळवाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण सगळं नियोजन इथे वाहून जातं. मे महिन्यात दुपारी तीन-चारनंतर आभाळ भरून येतं, वारा सुटतो, वीज चमकते आणि दहा मिनिटांत धो धो पाऊस. सगळी मुलं ओली होऊन जवळच्या हॉलमध्ये घुसतात, पाणी आत येतं म्हणून खिडक्या लागतात, वीजपुरवठा जातो आणि पंखे बंद. मग वेळ घालवायला कोणीतरी अंताक्षरी सुरू करतं. तीस जण, बंद हवा, मोठ्याने गाणं आणि तास-दीड तास! जॉर्जियातल्या शिबिरात आठवडाभरात जे जमून आलं, ते इथे एका संध्याकाळी जमतं.

म्हणून प्रत्येक गटाचा पावसातला आडोसा आधीच ठरवा. गट एक पहिल्या हॉलमध्ये, गट दोन दुसऱ्यात, गट तीन पडवीच्या आतल्या भागात किंवा जेवणाच्या शेडमध्ये. पहिल्याच दिवशी कोरड्या हवेत एकदा शिट्टी वाजवून सराव घ्या. ज्या बाजूने पाऊस झोडपतो ती खिडकी लावा, उलट बाजूची खिडकी आणि दार उघडंच ठेवा. थोडी फरशी भिजली तर पुसता येते. प्रत्येकाच्या खिशात प्लास्टिकच्या पिशवीत एक कोरडा मास्क असावा, तो आत शिरताना लावायचा. आत गाणी नकोत. कागदकाम, बुद्धिबळ, किंवा एका ताईने दाराजवळ बसून हळू आवाजात गोष्ट सांगणं एवढंच. रात्री पाऊस आला तर पडवीतली दहा मुलं झोपलेल्या हॉलमध्ये कोंबू नका. त्यांच्या गाद्या भिंतीकडे ओढता येतील आणि ताडपत्री खाली सोडता येईल अशी सोय आधीच करा, ताडपत्रीच्या वर हातभर फट ठेवून. विजा जवळ कडाडत असतील तर मात्र आजाराचा विचार बाजूला ठेवून सगळ्यांना पक्क्या छताखाली घ्या, मास्क लावून. झाडाखाली किंवा उघड्या पडवीत तेव्हा कोणीही थांबायचं नाही.

गट म्हणजे दहा मुलं आणि दोन ताई-दादा, सातही दिवस तेच. जेवण, झोप, खेळ, आंघोळीची वेळ गटाची. भावंडं आणि एका वर्गातली मुलं एकाच गटात घाला, नाहीतर ती एकमेकांना शोधत फिरणारच. शिबिरात आजार आत आणायला मोठी माणसं जास्त कारणीभूत ठरतात. रोज संध्याकाळी सामान आणायला कोल्हापुरात उतरणारा दादा, सकाळी गावातून येणारे आचारी, एका दिवसाचं सत्र घ्यायला आलेले पाहुणे. सामान फाटकावर उतरवून घ्या, पाहुण्यांची सत्रं पटांगणातच ठेवा, आचाऱ्यांना सात दिवस तिथेच राहायची सोय करून द्या. आणि कार्यकर्त्यांचा रात्रीचा चहा अंगणात.

येण्याआधीच्या दहा दिवसांबद्दल पालकांशी मोकळेपणाने बोला. आपल्याकडे हा नेमका लग्नसराईचा काळ, त्यात एप्रिलमध्ये जोतिबाची चैत्र यात्रा. ‘दहा दिवस गर्दीत जाऊ नका’ एवढं सांगून भागत नाही. घरचं लग्न असेल तर मुलाला दुसऱ्या तुकडीत घ्या. तपासणी उपलब्ध असेल तर एक निघण्याआधी ७२ तासांच्या आत आणि दुसरी शिबिराच्या तिसऱ्या ते पाचव्या दिवशी करा, कारण लागण होऊन एक-दोन दिवसच झाले असतील तर पहिल्या तपासणीत ती बहुधा सापडत नाही. आणखी एक गोष्ट मी वैद्यकीय उपाय म्हणूनच सांगते: आजारपणामुळे मूल आलं नाही किंवा मधूनच परत गेलं तर फी परत मिळेल, असं लेखी द्या. पैसे बुडणार म्हटल्यावर सकाळी पॅरासिटामॉल पाजून मूल बसमध्ये बसवलं जातं. मुलांनाही पहिल्या दिवशी सांगा की घसा दुखतोय असं सांगणाऱ्याला कोणी रागावणार नाही.

थर्मल गनवर यामुळेच भिस्त ठेवू नका. औषधाने ताप दबतो, आणि कोविडमध्ये लक्षणं दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस आजार पसरवत होता. जॉर्जियातल्या ज्या १३६ बाधितांच्या लक्षणांची माहिती मिळाली, त्यांतल्या ३६ जणांना लक्षणंच नव्हती आणि उरलेल्या शंभरांपैकी पस्तिसांनी ताप आल्याचं सांगितलंच नाही. शिवाय उन्हातून आलेल्या मुलाचं कपाळ तापलेलं असतं. आधी पंधरा मिनिटं सावलीत बसवा, मग मोजा, आणि शंका आली तर काखेत साधा डिजिटल थर्मामीटर लावा. काखेतला आकडा थोडा कमी येतो, म्हणून तिथे ९९.५ फॅरनहाइटच्या पुढे गेला तरी मुलावर लक्ष ठेवा, १००.४ म्हणजे ताप नक्की. रोज सकाळी गटाच्या ताईने प्रत्येकाला चार प्रश्न विचारावेत: घसा, खोकला, पोट, झोप. यंत्रापेक्षा हे जास्त कामी येतं.

बसमध्ये सगळ्या खिडक्या उघड्या, मास्क सगळ्यांना, गाणी नाहीत. शक्य असेल त्या पालकांनी मुलाला स्वतः आणून सोडावं. मास्कचा नियम सोपा ठेवा: बस, पावसातला आडोसा, आजाऱ्याची खोली, स्वयंपाकघर इथे हवाच, पळताना, पोहताना, झोपताना कधीच नाही. घामाने ओला झालेला मास्क बदलायचा, म्हणून दिवसाला तीन धरा आणि प्रत्येकावर नाव. घोषणा, ललकाऱ्या, पोवाडे पटांगणातच, गटागटांत अंतर ठेवून. कबड्डी, कुस्ती आपापल्या गटातच. पोहायला हरकत नाही. तिथे धोका पाण्यात कमी, कपडे बदलायच्या कोंदट खोलीत जास्त.

पंगत पडवीत किंवा शेडमध्ये, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, गटाला एक वाढपी. माठात पेला बुडवू देऊ नका, तोटी असलेलाच माठ घ्या. पाण्याचा हिशोब आधी करा: एका हात धुण्याला अर्धा लिटर, दिवसाला दहा वेळा, तीस मुलं, म्हणजे नुसत्या हातांसाठी रोज दीडशे लिटर. टँकर लागत असेल तर ते आत्ताच धरा. साबण-पाणी असेल तिथे सॅनिटायझरची गरज नाही, आणि शेकोटीच्या रात्री तर बाटल्या कुलपातच ठेवा. सॅनिटायझर चोळलेल्या ओल्या हातांना विस्तवाजवळ क्षणात जाळ लागतो आणि त्याची ज्योत उजेडात दिसतही नाही. फरशी, नळ, कड्या पुसायला ५ टक्क्यांच्या सोडियम हायपोक्लोराइटचे (जंतुनाशक ब्लीचचे) २० मिलि एक लिटर पाण्यात पुरेत. जमिनीवरची उलटी पुसायला त्याच हायपोक्लोराइटच्या १०० मिलिमध्ये ९०० मिलि पाणी. हे पाणी रोज ताजं करा, आणि फिनेल किंवा ॲसिडमध्ये कधीही मिसळू नका.

मूल आजारी पडलं तर पहिला तास महत्त्वाचा. त्याला मास्क लावून वेगळ्या खोलीत न्या, खिडक्या उघडा, एन-९५ मास्क लावलेली एकच व्यक्ती त्याच्याजवळ राहू दे. एका खोलीत दोन तापाची मुलं ठेवू नका. एकाला साथीचा आजार असेल आणि दुसऱ्याला नुसतं ऊन लागलेलं असेल. मेमधलं ऊन, उलट्या-जुलाब, डेंग्यू, कांजिण्या, विंचूदंश हे सगळं साथीतही चालूच असतं आणि साथीच्या धास्तीत तेच नजरेतून सुटतं. पॅरासिटामॉल वजनावर द्यायचं, किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, म्हणजे ३० किलोच्या मुलाला ३०० ते ४५०, दर सहा तासांनी. त्यासाठी नोंदणीच्या वेळी वजन लिहून घ्या. ॲस्पिरिन मुलांना नको. दम्याच्या मुलाने स्वतःचा इनहेलर आणि स्पेसर (इनहेलरला जोडायची नळी) आणावा. नेब्युलायझर (औषधाची वाफ देणारं यंत्र) सामाईक खोलीत लावू नका, त्याच्या वाफेबरोबर विषाणू खोलीभर पसरू शकतो. ऑक्सिमीटर लावताना बोट गरम आणि नखं स्वच्छ हवीत; लग्नातली मेंदी किंवा नेलपॉलिश असेल तर आकडा चुकू शकतो, दुसरं बोट बघा. ऑक्सिजन ९४ टक्क्यांच्या खाली, मिनिटाला तीसपेक्षा जास्त श्वास, छाती आत ओढली जाणं, गुंगी, किंवा आठ तास लघवी नाही, यांतलं काहीही दिसलं तर पालकांची वाट न बघता १०८ ला फोन करा आणि रुग्णालयात हलवा.

एरवी पालकांनी रात्री-अपरात्रीही तीन तासांत येऊन मुलाला न्यावं. हे कोण करणार त्याचं नाव आणि दोन फोन नंबर अर्जातच घ्या. मुलाचा अहवाल पॉझिटिव्ह आला तर त्याचा पूर्ण गट घरी, बाकीच्या गटांची तपासणी आणि शिबिर पुढे चालू. दुसऱ्या गटातही रुग्ण सापडला तर शिबिर त्याच दिवशी बंद. हा निर्णय आधी कागदावर लिहून पालकांना द्या, त्या दिवशी तिथे वाद घालायला वेळ नसतो.

शिबिर संपलं तरी तुमचं काम दहा दिवस उरतं. घरी आजी-आजोबा असतील तर मुलाने तेवढे दिवस त्यांच्या खोलीत झोपू नये, जेवायला शेजारी बसू नये. पाचव्या आणि दहाव्या दिवशी गटाच्या ताईने प्रत्येक घरी फोन करावा. कोणाला लक्षणं असतील तर त्याच दिवशी त्या गटातल्या सगळ्या पालकांना कळवावं, मुलाचं नाव न सांगता. कोविडनंतर काही मुलांमध्ये दोन ते सहा आठवड्यांनी एक वेगळा त्रास दिसला होता: तीन दिवसांहून जास्त ताप, अंगावर पुरळ, लाल डोळे, पोटात दुखणं. असं कोणाला झालं तर डॉक्टरांना शिबिराची तारीख आवर्जून सांगायला पालकांना कळवून ठेवा, आणि तुमची हजेरीवही गटवार नावांसकट दोन महिने तरी जपून ठेवा.